लाईट गेली की सम्प सांडतो: मोठ्या रीफ टँकची नेहमीची तक्रार

पाच फुटी रीफ टँक, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, खाली कपाटात सम्प, म्हणजे पंप आणि फिल्टरचं सामान ठेवायची दुसरी टाकी, सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. मग पावसाळा लागतो, लाईटचं येणं-जाणं सुरू होतं आणि दर वेळी कपाटाच्या दाराखालून पाण्याचा ओघळ बाहेर येतो. बहुतेकांचा पहिला संशय काचेच्या जोडावर. टँक बनवणाऱ्याला बोलावलं जातं, तो कोपरे चाचपतो, त्याला काही सापडत नाही, तरी आलोच आहे तर म्हणून सिलिकॉनचा एक थर देऊन जातो. पुढच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद झाली की पुन्हा फरशी ओली.

गळती असती तर ती लाईट जायची वाट बघत बसली नसती. फक्त लाईट गेल्यावर किंवा आल्यावर पाणी सांडत असेल तर दोष जोडात नाही, पातळीत आहे. वरच्या टँकमधून जेवढं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा सम्पमध्ये उरलेली नाही, एवढंच. पण या दुखण्याचं दुसरं टोक फरशीवर दिसत नाही. सांडतं ते खारं पाणी आणि भरून निघतं ते आरओचं गोडं पाणी. पंधरा दिवसांनी कोरल मिटायला लागतात, तेव्हा त्याचा संबंध या सांडण्याशी कोणी लावत नाही.

आणखी काही करण्याआधी एक्स्टेंशन बोर्ड कुठे आहे ते बघा. कपाटाच्या तळाला, सम्पच्या शेजारी पडलेला असेल तर आजच उचलून वर, पाण्याच्या रेषेपासून दूर, भिंतीला ठोका. प्रत्येक वायर बोर्डापर्यंत जाण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टँकच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाईन तोडणारा स्विच) हवाच. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. आणि सांडलेलं पाणी पुसायला हात घालण्याआधी मेन बंद करा. लाईट गेलेलीच आहे, ही खात्री पुरत नाही. ती तुम्ही फडकं पिळत असतानाच येते.

सांडतं नेमकं कधी?

लाईट गेल्यावर पहिल्या चार-पाच मिनिटांत सांडत असेल तर वरचं पाणी खाली उतरतंय आणि सम्पला पेलत नाहीये. नव्वद टक्के तक्रारी याच असाव्यात असा माझा अंदाज आहे, म्हणून त्याच्याकडे सविस्तर वळतो.

लाईट आल्यावर सांडत असेल तर आधी स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप बघा. बंद काळात सम्पची पातळी चढलेली असते, स्किमर जास्त खोल पाण्यात सुरू होतो आणि फेस उसळून कपाबाहेर पडतो. वास येणारं, चहाच्या रंगाचं पाणी फरशीवर असेल तर शंकाच नको. उपाय सोपा आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात, विशेषतः पॅनेलचं सामान विकणाऱ्यांकडे, ऑन-डिले टाइमर मिळतो. तो स्किमरच्या लाईनवर लावून १० ते १५ मिनिटांवर ठेवा. तोवर रिटर्न पंप पाणी वर नेतो आणि सम्प आपल्या जागेवर येतो.

लाईट जाऊन बराच वेळ झाल्यावर, हळूहळू सांडत असेल तर एटीओची (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप आरओचं पाणी भरणाऱ्या यंत्रणेची) नळी तपासा. नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडलेलं आणि आरओचा डबा उंचावर, असं असेल तर पंप बंद असतानाही सायफन चालू राहतो आणि डबा रिकामा होईपर्यंत थांबत नाही. डबा खाली असेल तर उलट घडतं: सम्प चढला, नळीचं टोक बुडलं की खारं पाणी डब्यात उतरतं. डब्यातल्या पाण्याला टीडीएस मीटर लावा. शून्याच्या जवळपास दिसायला हवं तिथे आकडा शेकड्यांत गेला असेल तर चोर सापडला. नळीचं टोक सम्पच्या काठाच्याही वर क्लिपने पकडा, पाणी वरून पडू द्या आणि डबा सम्पच्या पातळीच्या खालीच ठेवा.

लाईटचा काहीच संबंध नसताना सांडत असेल तर ड्रेन (वरून सम्पमध्ये पाणी उतरवणारा पाईप) तुंबलाय, नाहीतर खरंच गळती आहे. गळतीच्या जागी मिठाची पांढरी खपली धरते. ती टँक निपलच्या (काचेच्या भोकात पाईप जोडणाऱ्या तुकड्याच्या) वायसरभोवती आहे की काचेच्या जोडावर, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

हिशेब एकदा मांडाच

पुण्यातल्या एका ओळखीच्या घरचा टँक उदाहरणाला घेतो. वरचा टँक ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे २० घनफूट, काठोकाठ भरला तर ५६६ लिटर. सम्प ३ फूट बाय दीड फूट, उंची १६ इंच, चालू पातळी ९ इंच. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करून दोन्हींत मिळून ६०० लिटर पाणी.

वरच्या टँकमधलं १ इंच पाणी म्हणजे साडेतेवीस लिटर. सम्पमधलं १ इंच म्हणजे साडेदहा लिटर. वर इंचभर उतरलं की खाली सव्वादोन इंच चढतं. सम्पमध्ये स्किमर, पंप आणि आडव्या काचांनी जागा खाल्लेली असते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच.

रिटर्न पंप बंद पडला की चार ठिकाणचं पाणी खाली येतं. एक, ओव्हरफ्लोच्या (पाणी ड्रेनकडे वळवणाऱ्या दातेरी काठाच्या कप्प्याच्या) दातांवरून वाहणारा थर, साधारण अर्धा ते पाऊण इंच. दोन, ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी, ड्रेनच्या तोंडापर्यंत. या टँकमध्ये ते १० लिटर भरलं. तीन, पाईपमधलं आणि स्किमरमध्ये चढलेलं, तीन-चार लिटर. या तिघांत फारसं काही करता येत नाही. चौथं मात्र घात करतं: रिटर्नच्या नोझलमधून उलट खेचलं जाणारं पाणी. पंप थांबला की रिटर्नचा पाईप सायफन होतो आणि नोझलच्या तोंडाला हवा लागेपर्यंत टँक खाली ओढत राहतो. नोझल जेवढं खोल, तेवढं पाणी खाली.

या घरी नोझलची तोंडं ३ इंच खोल होती, कारण पृष्ठभागावर लाटा उठून आवाज येतो म्हणून ती खाली वाकवलेली. ३ इंच म्हणजे ७१ लिटर, त्यात बॉक्स आणि पाईपचे १४ धरून ८५. सम्पमध्ये ९ पासून १६ इंचांपर्यंत कागदावर ७४ लिटर मावतात, स्किमर वगैरेंची जागा सोडली तर ६०. उरलेले २५ लिटर फरशीवर. त्यात सिलिकॉन काय करणार?

मग हे पहिल्या वर्षी का होत नव्हतं? तर पाईपला सायफन तोडणारं भोक होतं. पाण्याच्या पातळीखाली सहा सूत (पाऊण इंच), दोन सुताचं (पाव इंचाचं). पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते, सायफन तुटतो आणि तीन इंचांऐवजी इंचभरच पाणी उतरतं; एकूण ३८ लिटर, सम्पला सहज पेलणारं. टॉर्च मारून पाहिलं तर भोकाच्या कडेने गुलाबी-जांभळं कोरॅलाइन (चुन्यासारखं कडक होणारं शेवाळ) चढलेलं आणि उरलेल्या जागेत ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय ठाण मांडून बसलेली. टूथपिकने ती काढली, पंप बंद केला, टँक इंचभर उतरून थांबला.

म्हणून भोक एकच असू नये. प्रत्येक रिटर्न पाईपला दोन पाडा, पाण्यात फवारा उडणार नाही असं थोडं खालच्या दिशेने तिरकं. महिन्यातून एकदा टूथपिक फिरवा. याहून खात्रीचं म्हणजे नोझलची तोंडंच वर उचला, पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या-पाऊण इंचावर. भोक बुजलं तरी मग काही बिघडत नाही. पृष्ठभाग हलता राहिला तर हवेची देवाणघेवाणही सुधारते. पाण्याला खोल प्रवाह हवा असेल तर ते काम वेव्हमेकरचं (टँकमध्येच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचं).

इथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) टाक की, प्रश्न मिटला.’ नका टाकू, किंवा टाकलात तरी तो नाहीच असं धरून हिशेब करा. समुद्राच्या पाण्यात झडपेवर चुन्याचा थर बसतो, वाळूचा कण अडकतो, किंवा नळी करून राहणारे किडे तिथेच घर करतात. झडप पूर्ण मिटत नाही आणि तुम्हाला ते कळतं मध्यरात्री. शिवाय पंपाचा प्रवाह कमी होतो तो वेगळाच.

पावसाळ्यातच जास्त का?

भोकं मोकळी, नोझल वर, तरी चार-सहा दिवसांनी एकदा सांडतंच, अशीही एक जात आहे. तिचं मूळ एटीओत असतं. लाईट आली की पंप आधी पाणी वर फेकतो. ड्रेनमधली हवा निघून पूर्ण धार लागायला मिनिट-दोन मिनिटं जातात, विशेषतः हर्बी पद्धतीच्या ड्रेनमध्ये (एक पाईप पूर्ण भरून सायफनने चालणारा, दुसरा कोरडा, इमर्जन्सीचा). तेवढ्या वेळात रिटर्नच्या कप्प्यातली पातळी नेहमीपेक्षा खाली जाते. सेन्सरला वाटतं पाणी उडालं, तो लिटर-दोन लिटर गोडं पाणी ओततो. धार लागली की पातळी परत येते, पण आता ती लिटर-दोन लिटरने जास्त.

उन्हाळ्यात पंखे लावलेल्या अशा टँकमधून दिवसाला ८ लिटर पाणी सहज उडतं, त्यात ही जास्तीची भर संध्याकाळपर्यंत जिरून जाते. पावसाळ्यात हवा दमट, बाष्पीभवन मंद, आणि लाईट एका दुपारी पाच वेळा डोळा मारते. भर साचत जाते. मग एखाद्या वेळी पंप थांबला की पाणी काठावरून. एटीओलाही स्किमरसारखाच ऑन-डिले टाइमर लावा, १५ मिनिटांचा. दोघे एकाच टाइमरवर असले तरी चालतं.

आता रेषा मारायच्या. भोकं साफ, सम्प नेहमीच्या पातळीवर, शेजारी बादली आणि फडकी तयार. रिटर्न पंप आणि स्किमर मुद्दाम बंद करा. पाणी पूर्ण थांबेपर्यंत थांबा, घाई नको, ओव्हरफ्लोचं शेवटचं थेंबथेंब पाणी बराच वेळ उतरत राहतं. पातळी किती चढली ते मोजा. तेवढी चढण, अधिक इंचभर मोकळीक, अधिक एटीओचा डबा पूर्ण रिकामा झाला तर लागणारी जागा, एवढं सम्पच्या काठापासून खाली मोजून काळी टेप लावा. २० लिटरचा डबा असेल तर या सम्पला त्यासाठी दोन इंच सोडायला हवेत. चालू पातळी या टेपच्या वर कधीही जाता कामा नये. सेन्सर टेपच्या खाली. मग एका भोकाला बोट लावून, दुसरं चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा.

उलटी चाचणीही करा. ड्रेनचा गेट व्हॉल्व्ह बंद करा आणि पंप चालू ठेवा. रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत वरचा टँक सांडता कामा नये. या टँकमध्ये तो कप्पा एक फूट बाय दीड फूट, त्यात ३२ लिटर. वर ती सव्वा ते दीड इंचाची चढण झाली. म्हणजे चालू पातळी टँकच्या काठापासून किमान दोन इंच खाली हवी. इमर्जन्सी ड्रेन चालतोय का, हेही याच वेळी दिसतं. कप्पा रिकामा व्हायच्या आत पंप बंद करा, कोरडा फिरला तर गेला.

कोरल मिटलेत, पण अल्कलिनिटीचा दोष नाही

आता फरशीवर न दिसणारी गोष्ट. ६०० लिटरमधून २५ लिटर खारं पाणी गेलं, म्हणजे एकूण मिठाचा चार टक्के भाग गेला. एटीओने त्या जागी आरओचं पाणी भरलं. ३५ पीपीटीचं (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) ३३.५ झालं. आणखी दोनदा सांडलं की ३२.१ आणि मग ३०.८. एटीओचा डबा एरवी अडीच दिवस पुरतो आणि लाईट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र कोरडा पडतो, ही याची खूण. डबा कोरडा दिसला की लोक तो भरून टाकतात आणि विसरतात.

मग कोरल मिटतात, टेस्ट किट बाहेर निघतं. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, कोरल सांगाड्यासाठी वापरतात तो) ८.५ वरून ७.५ डीकेएच (ती मोजायचं एकक). ‘कोरल वाढलेत, खायला लागलेत,’ असा निष्कर्ष निघतो आणि बफरचा (अल्कलिनिटी वाढवणाऱ्या औषधाचा) डोस वाढतो. इथे थांबा आणि कॅल्शियमही मोजा. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा १ डीकेएचमागे कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमच वापरतात. ४३० होतं ते ४२३ दिसेल, घरच्या किटवर तर फरकही कळणार नाही. पाणी पातळ झालं असेल तर सगळंच एका मापात उतरतं: कॅल्शियम ४३० वरून ३८०, मॅग्नेशियम १,३५० वरून १,१९० च्या आसपास. तिन्ही एकदम बारा टक्क्यांनी खाली असतील तर डोसिंगच्या बाटलीला हात लावू नका. आधी सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, बघा.

रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने लावून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवलं तरी वरच्या टोकाला आकडा चुकू शकतो. मग सॅलिनिटी वर न्यायची ती सावकाश, दिवसाला १ पीपीटीच्या आतच. त्यासाठी सगळ्यात निवांत मार्ग म्हणजे काही दिवस एटीओच्या डब्यात गोड्याऐवजी ३५ पीपीटीचं तयार पाणी भरणं. रोज ८ लिटर उडत असेल तर रोज २८० ग्रॅम मीठ टँकमध्ये जातं, म्हणजे दिवसाला अर्ध्या पीपीटीच्या आत-बाहेर. ३०.८ वरून ३५ ला नऊ दिवस. रोज मोजा, ३५ आलं की लगेच गोडं पाणी. हे विसरलात तर आकडा दुसऱ्या बाजूला पळतो.

फरशीवरचं पाणी निपटून परत टँकमध्ये ओतू नका, फरशी कशाने पुसली जाते ते आठवा. आणि जुहू किंवा अलिबागहून कॅन भरून आणायचा सल्ला पावसाळ्यात तर अजिबात ऐकू नका. नद्या-नाल्यांच्या पाण्याने किनाऱ्याजवळची सॅलिनिटी तेव्हा आधीच उतरलेली असते, गाळ आणि सांडपाणी फुकट.

इन्व्हर्टरने प्रश्न सुटतो का?

पुढे ढकलला जातो. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर असेल तर छोट्या खंडात पाणी उतरतच नाही, म्हणून सम्पचा दोष झाकला जातो. मग एखाद्या रात्री लाईट सहा-सात तास जाते, घरातले पंखेही त्याच बॅटरीवर, ती दोनला बसते आणि सगळे झोपलेले असताना सम्प सांडतो. आधी वरचा हिशेब जुळवा, मग इन्व्हर्टर. माझं मत विचाराल तर त्यावर पहिला हक्क वेव्हमेकरचा. पाणी हलतं राहिलं तर ऑक्सिजन टिकतो, आणि मासे आधी ऑक्सिजनअभावीच दगावतात. उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. एसी (घरच्या विजेवर थेट चालणारा) पंप लावणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर पंप घुमतो आणि तापतो.

काच अजून मागवली नसेल तर

हे सगळं कागदावर सोडवता येतं, आणि फुकटात. टँकवाला म्हणतो ‘सम्प तीन फुटी पुरतो’. त्याच्या कपाटाच्या मापात तो बसतो म्हणून पुरतो. पाच फुटी टँकखाली चार बाय दीडचा सम्प मागा. इंचामागे १४ लिटर झाले, वरचं तेच ८५ लिटर पाणी मग सहा इंचांत मावतं. सम्पच्या वर स्किमरचा कप उचलून काढता येईल एवढी जागा ठेवा, नाहीतर साफसफाईच्या वैतागाने कप भरून वाहील. ड्रेनला दोन भोकं असूच द्यात: एक गेट व्हॉल्व्ह लावलेलं, दुसरं कोरडं इमर्जन्सीचं. ड्रेनवर बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात बारीक जुळवणी जमत नाही. कपाटाचा तळ मरीन प्लायचा, चारी बाजूंनी दोन इंचांची कड आणि आत वॉटरप्रूफिंग, म्हणजे चुकलंच तर पाणी तिथेच थांबेल आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतापर्यंत जाणार नाही.

आणि वजन. ५६६ लिटर समुद्राचं पाणी ५८० किलो, १२ मिलिमीटर काच शंभरेक किलो, त्यात दगड, स्टँड, सम्पचं पाणी. ९०० किलोंच्या घरात जातं आणि तेही दहा चौरस फुटांवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो भार धरतात. याचा अर्थ टँक ठेवला की स्लॅब कोसळेल असा नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे. पण टँक बीमजवळ, भिंतीला लागून ठेवायचा की खोलीच्या मध्यावर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारतीचे नकाशे दाखवून ठरवा. जुन्या लोडबेअरिंग वाड्यात किंवा लाकडी तुळयांच्या मजल्यावर तर त्याला विचारल्याशिवाय काच कापायला टाकूच नका.